सर्व्हरपाशी कोण बसणार?

कोळेकर अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वाचताना. दूध संघाच्या इस्लामपूरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, 'संगणक विभाग' अशी पाटी असलेल्या खोलीत ते मान खाली घालून बसले होते. समोर छापील कागदांची चळत, हातात लाल पेन्सिल, आणि ओळ सुटू नये म्हणून लाकडी पट्टी. मी त्याच दिवशी प्रशासन विभागात कारकून म्हणून रुजू झालो होतो, आणि साताऱ्याहून आलेल्या माणसाला स्वतःच्या शहाणपणाचा जेवढा भरवसा असतो तेवढा माझ्यापाशी होता.

"काय, परीक्षा आहे का?" मी विचारलं.

"न्हाई. सर्व्हरचं लायसन हाय. वाचतोय."

"ते कोण वाचतं? खाली 'मान्य आहे' असं बटण असतं. ते दाबायचं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मान्य हाय म्हनायचं, तर काय मान्य हाय ते बघाय नको व्हय?"

हा माणूस फार काळ टिकणार नाही, असं मी त्या दिवशी घरी पत्नीला सांगितलं. ते टिकले. श्री. तुकाराम बिरा कोळेकर, आपणा सर्वांचे अण्णा, या महिन्यात साठ वर्षांचे होत आहेत आणि याच महिनाअखेरीस सेवेतून मोकळे होत आहेत. गौरव समितीने मला लिहायला सांगितलं आणि वर 'जरा सांभाळून लिहा' असंही बजावलं. समितीची भीती रास्त आहे. पण सांभाळायला लागेल असं अण्णांच्या बाबतीत काही नाही. जे आहे ते माझ्या बाबतीत आहे, आणि ते यथावकाश येईलच.

अण्णांचा जन्म आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. वडिलांचा कळप उन्हाळ्यात कृष्णाकाठी उतरायचा आणि पावसाळ्यात माळावर परतायचा. त्या येण्याजाण्यात अण्णांच्या किती शाळा बदलल्या याचा हिशेब त्यांनाही नीट सांगता येत नाही. एवढं खरं, की प्रत्येक नव्या शाळेत गेल्यावर आधी फळ्यावरचे नियम वाचायचे ही सवय त्यांना तेव्हाच लागली. नव्या गावात आपल्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे माहीत नसलेल्या पोराला मार बसतो, असं ते सांगतात.

संघाची संकलन केंद्रं पाटणच्या खोऱ्यापासून जतच्या माळापर्यंत पसरलेली. प्रत्येक केंद्रावर एक संगणक. दुधाचं वजन, फॅट, शेतकऱ्याची पावती, सगळं त्यावर. तो बिघडला की गावातून फोन यायचा आणि अण्णा मोटारसायकलवर निघायचे. संगणक अर्ध्या तासात दुरुस्त व्हायचा, आणि मग उरलेला दिवस गावाचा. कुणी जेवल्याशिवाय सोडायचं नाही. पाटणकडे नाचणीची भाकरी, जतकडे बाजरीची. अण्णा परत आले की आम्ही विचारायचो, "आज कुठली?" ते म्हणायचे, "कडक हुती. वरनं शेंगाची चटणी. सांगा बरं कुठली?" कुणाला मुद्दाम फोन करून सांगावं असं आयुष्य नव्हतं ते, पण माणसांनी भरलेलं होतं.

पुढे रिमोट डेस्कटॉप आलं. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी सांगतो. खरं काम इस्लामपूरच्या एका मोठ्या सर्व्हरवर चालतं. गावातल्या संगणकावर त्याचा फक्त पडदा दिसतो. बिघाड झाला तर जागेवरून न उठता दुरुस्त करता येतो. ही सोय अण्णांनीच आणली. संघाचा प्रवासखर्च वाचला, केंद्रांचा खोळंबा थांबला, आणि गावोगावचं आपलं जेवण अण्णांनी आपल्याच हातानं बंद केलं. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. "काम लौकर व्हतंय की," एवढंच ते म्हणाले.

अशा सर्व्हरवर दोन जागा फुकट असतात. त्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्याने वापरायच्या, असा नियम. आपल्या लोकांनी त्या दोन जागांची एसटी करून टाकली. सगळ्या गावांनी एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरायचा. दोघं आत बसायचे, तिसरा आला की पहिल्याला बाहेर ढकलायचा. दिवसभर फोन सुरू. "अण्णा, मला कुनीतरी भाईर काढलं!" "कुनी?" "म्हाईत न्हाई, पन त्यानं माझी अर्धी पावतीबी न्हेली!" अण्णांनी महिनाभरात हे बंद केलं. देखभालीच्या जागा देखभालीला, आणि बाकी प्रत्येकासाठी परवाना विकत घ्यायचा, असं टिपण त्यांनी पाठवलं. परवान्याशिवाय सर्व्हर एकशेवीस दिवस चालतो, मग पुसून पुन्हा नव्याने बसवायचा आणि पुन्हा एकशेवीस दिवस मिळवायचे, अशी एक युक्ती शेजारच्या एका संस्थेतल्या मित्राने सुचवली होती. अण्णांनी ती ऐकून घेतली, त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडून आले.

परवान्यांचं मागणीपत्रक माझ्या टेबलावर आलं. इथे माझा भाग सुरू होतो.

आपल्याकडे रेशनकार्ड घराचं असतं. सोसायटीचं पासबुक घराचं असतं. मी विचार केला, परवानाही तसाच असणार: एक गाव, एक केंद्र, एक परवाना. 'माणसाच्या नावाचा परवाना' आणि 'यंत्राच्या नावाचा परवाना' असे दोन रकाने होते. मी पहिल्यावर खूण केली, कारण तो पहिला होता. माणसाच्या नावाच्या जागी केंद्राचं नाव लिहिलं आणि कागद पुढे पाठवला. वर्षभराने अण्णांच्या हातात तो आला.

"सातारकर," ते म्हणाले. साताऱ्याचा म्हणून मला इथे सगळे याच नावाने हाक मारतात. "केंद्राला डोळं हायत का? बोटं हायत का?"

"नाहीत."

"मग ते मानूस कसं झालं?"

बहुतेक केंद्रांवर दोन माणसं काम करत. सकाळच्या दुधाला गावातला एखादा दादा, संध्याकाळच्या दुधाला एखादी वहिनी. या वहिन्यांपैकी कित्येकींचे नवरे सैन्यात, दूर. परवाना एकाचा आणि वापरणारे दोघं. मी म्हटलं, सकाळी दादाच्या नावावर आणि संध्याकाळी वहिनीच्या नावावर करू. अण्णांनी पट्टी लावून ओळ दाखवली: एकाचा परवाना दुसऱ्याला द्यायचा तर मधे नव्वद दिवस जायला हवेत. वहिनीने नव्वद दिवसांनी एकदा दूध घ्यावं, असं काही मला अध्यक्षांना सुचवता येईना. ही चूक वर कळवताना अण्णांनी टिपण लिहिलं, ते मी अजून जपून ठेवलं आहे: 'मागणी करताना नियमाचा अर्थ वेगळा लावला गेला आहे.' त्या वाक्यात कुणाचंही नाव नव्हतं. त्यामुळेच मी आज हा लेख प्रशासन व्यवस्थापक म्हणून लिहितो आहे.

कमी पडलेले परवाने पुढच्या खरेदीत घ्यायचे असं ठरलं, आणि पुढच्या खरेदीआधीच मुख्य कार्यालय सांगलीच्या नव्या इमारतीत गेलं. काचेची इमारत, आणि काचेच्या इमारतीला शोभेल असा ठराव: आता आपला सर्व्हर नको, क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन घेऊ. म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रात भाड्याने जागा घ्यायची आणि तिला आपलं यंत्र म्हणायचं. सगळे खूश होते. फक्त आमच्या करारातला नियम असा होता, की माणसाच्या नावाचे परवाने, वार्षिक नूतनीकरण चालू असेल तर, असल्या भाड्याच्या जागेत नेता येतात. यंत्राच्या नावाचे येत नाहीत. म्हणजे क्लाउडवर जायचं तर दादाला एक आणि वहिनीला एक.

संचालक मंडळाने यावर सोपा उपाय काढला. वहिनी नको. सकाळचा माणूसच संध्याकाळी बसेल. एकोणीस केंद्रांवरच्या एकोणीस बायकांची यादी करायची होती. ती मी केली. हे मी कुणावर ढकलत नाही. टंकलेखनसुद्धा मीच केलं होतं, आणि आडनावांचा क्रम चुकू नये म्हणून दोनदा तपासलंही होतं.

त्याच आठवड्यात अण्णांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज माझ्याकडे आलेला होता. त्यांची मुलगी पुण्यात, तिला बाळ झालेलं, आणि काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आधीच तिकडे राहायला गेलेल्या. अण्णांनी इस्लामपूरची भाड्याची खोली सोडायची नोटीसही दिली होती. यादी पाहिल्यावर त्यांनी अध्यक्षांकडे आठ दिवस मागितले. नवव्या दिवशी ते सांगलीला आले, काखेत वही. त्यांनी अख्खा करार मराठीत लिहून काढला होता. ती सभा मी इतिवृत्तात लिहिली आहे, पण इतिवृत्तात माणसं बोलतात तशी बोलत नाहीत, म्हणून इथे पुन्हा लिहितो.

"हापिसातल्या लोकास्नी मानसाच्या नावाचं लायसन घ्या," अण्णा म्हणाले. "ते लॅपटॉपवर बसत्यात, घरनं बसत्यात, मोबाईलवरबी बघत्यात. एक मानूस, तीन यंत्रं. त्यांस्नी क्लाउडवर जाऊ द्या. केंद्रावर उलटं हाय. एक यंत्र, दोन मानसं. तिथं यंत्राच्या नावाचं घ्या. मग सकाळी दादा बसू दे, सांजच्याला वयनी बसू दे, परवाना एकच."

"पण यंत्राचं क्लाउडवर चालत नाही म्हणाला होता ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाईच चालत. केंद्रांसाठी इस्लामपूरचा आपला सर्व्हर तसाच ठेवायचा."

"आवं कोळेकर, ती इमारत रिकामी केली आपण. तिथं सर्व्हरपाशी कोण बसणार?"

मी इतिवृत्त लिहीत होतो, त्यामुळे मला वर बघायचं काम नव्हतं. पण मी बघितलं. अण्णा वहीचं पान मुडपत होते.

"मी बसतो की," ते म्हणाले.

अर्ज त्यांनी दुपारी माझ्या टेबलावरून उचलला आणि घडी करून खिशात घातला. मी विचारलं, "काकू काय म्हणतील?"

"इचारलं मी फोनवर. म्हनली, किती दिस? म्हनलं, लायसनचं नियम बदलंपातूर. म्हनली, म्हंजे कवा? मग मी गप बसलो. तीबी गप बसली." मग म्हणाले, "लय वेळ गप हुतो आमी. बिल वाढाय लागलं आसंल म्हनून ठिवला."

फोनचं बिल आता तसं वाढत नाही, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

याला पाच वर्षं झाली. एकोणीस बायकांपैकी एकीचंही काम गेलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ही गोष्ट आज पहिल्यांदाच कळत असेल. त्या बायकांनाही कळलेली नाही, कारण यादी फाडल्यावर ती होती असं कुणी कुणाला सांगत नाही.

आणि मी काय केलं? मी संघाच्या वार्षिक अंकात एक विनोदी लेख लिहिला. नियमाच्या पुस्तकाशी संसार थाटलेला एक गृहस्थ, रिकाम्या इमारतीत सर्व्हरला थंडी वाजू नये म्हणून बसून असतो, असा काहीतरी. सांगलीत लोक पोट धरून हसले. आठवड्याने इस्लामपूरहून अंक परत आला. लेखावर लाल पेन्सिलीची एकच खूण. 'परवाना बदलण्याची मुदत साठ दिवस लिहिली आहे. नव्वद पाहिजे. बाकी छान.' ते 'बाकी छान' वाचल्यावर मी त्या वर्षी दुसरं काही लिहिलं नाही.

सांगलीहून इस्लामपूर तासाभराची वाट. पाच वर्षांत मी एकदाही गेलो नाही. फोन केले, अर्थात. परवाने, नूतनीकरण, याद्या. काम असेल तेव्हा. परवा या ग्रंथासाठी फोटो आणायला समितीने पाठवलं तेव्हा गेलो.

खालचा मजला कुलूपबंद. जिन्यात टेबलं ओढत नेल्याच्या खुणा अजून आहेत. दुसऱ्या मजल्यावर भिंतींवर जिथे कॅलेंडरं होती तिथे पांढरे चौकोन. अण्णांच्या खोलीत सर्व्हरचा एकसुरी घुं असा आवाज, एक टेबल, एक खुर्ची. खुर्ची त्यांनी मला दिली आणि स्वतः बॅटरीच्या खोक्यावर बसले. पाच वर्षांत दुसरी खुर्ची मागावी असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण तिच्यावर बसायला कुणी आलंच नव्हतं.

"फोटो कशाला? म्हातारा दिसतोय मी."

"साठीचा ग्रंथ आहे, अण्णा. तरुण दिसलात तर लोक पैसे परत मागतील."

ते हसले, पण हसताना एक डोळा पडद्यावर. साडेपाच वाजत आले होते. पडद्यावर केंद्रांची यादी होती, समोर रिकाम्या जागा. मग एकेक नाव उमटायला लागलं. परवाना यंत्राचा असला तरी अण्णांनी प्रत्येक बाईला तिच्या स्वतःच्या नावाचं खातं दिलं आहे. नियमाला त्याची गरज नव्हती.

"शालन आली," ते पुटपुटले. "ही खाली जतची, आली. सुवर्णा... हं, आली. आज लौकर."

"सगळ्या मोजता का रोज?"

"मोजत न्हाई. आमचं आबा मेंढरं कवाच मोजायचं न्हाईत. कंचं न्हाई, तेवढं बघायचं. मालन न्हाई अजून."

मालन जाधव ही वाळव्याजवळच्या केंद्रावरची. तिचा नवरा फौजेत. दोन वर्षांपूर्वी वीज पडून तिचा संगणक जळाला तेव्हा परवानाही जळाला असं समजून ती फोनवर रडली होती. "आवं अण्णा, माझ्या हातनं संघाचं लायसन गेलं!" अण्णांनी तिला नियम वाचून दाखवला: यंत्र कायमचं बिघडलं तर त्याचा परवाना त्याच दिवशी नव्या यंत्राला देता येतो, नव्वद दिवस थांबावं लागत नाही. नुसतं वाचून दाखवलं नाही, तो बदल कसा करायचा हे तिच्याचकडून करवून घेतलं. मग तिने पुढचं विचारलं, त्यांनी पुढचं सांगितलं. दोन वर्षांत मालनला सर्व्हरची जेवढी माहिती झाली तेवढी सांगलीच्या आमच्या काचेच्या इमारतीत कुणाला नाही.

सहा वाजायला आले. मालनची जागा रिकामीच. अण्णांचं बोलण्यात लक्ष नव्हतं.

"फोन करा की तिला," मी म्हणालो.

"नको. आपला फोन गेला म्हंजे कायतरी बिघडलंय, असं वाटतं त्यांस्नी. उगं घाबरत्यात."

"मग तुम्ही कधीच करत नाही?"

"काय म्हनून करू?"

 आम्ही दोघं पडदा बघत बसलो. सहाला पाच कमी असताना मालनचं नाव उमटलं, आणि अण्णा उठून चहा टाकायला गेले. एकच कप होता. तो मला, आणि त्यांनी स्टीलच्या तांब्याच्या झाकणात घेतला. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि हिशेब मांडत होतो, की रोज एकोणीस माणसं या माणसाच्या समोर येतात, आणि त्यातल्या एकीलाही तो दिसत नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "महिनाअखेरीनंतर सर्व्हरपाशी कोण बसणार?"

"तेच म्हनतोय मी. कुनी न्हाई बसलं तर ती यादी परत निघंल." मग म्हणाले, "तुमच्याकडं तिची नक्कल असंल अजून."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हणूनच लागलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वेळेत, मी टिपण लिहिलं. इस्लामपूर सर्व्हर कक्षाच्या प्रमुखपदी श्रीमती मालन जाधव यांची नेमणूक करावी. त्यांच्या जागी केंद्रावर गावातलीच दुसरी बाई घ्यावी. केंद्रांचे परवाने यंत्राच्या नावानेच चालू ठेवावेत. आणि पाच वर्षांपूर्वी कपातीची यादी मी तयार केली होती व ती मुळात माझ्या चुकीच्या मागणीमुळे करावी लागली होती, हेही लिहिलं. या वाक्यात नाव होतं. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सातारकर, हे लिहायची गरज होती का?" मी म्हणालो, "वाचून सही करा, साहेब." त्यांनी वाचलं. गेल्या सभेत ठराव मंजूर झाला. मालन पहिल्या दिवशी येताना घरून खुर्ची आणणार आहे. तिथली एकच खुर्ची अण्णांची आहे, ती आपण कशी घ्यायची, असं तिचं म्हणणं.

ठराव झाल्याचं अण्णांना मी फोनवर सांगितलं. 

"मग आता पुण्याला?" मी विचारलं.

"व्हय. ती वाट बघतीय. नातू पाच वर्साचा झाला, मला 'फोनवालं आजोबा' म्हनतोय." मग म्हणाले, "पन तितं सांजच्याला साडेपाचला काय करू रं मी?"

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच 'रं' म्हणाले.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, आणि ते मी मनापासून चिंततो. अण्णांना शंभर वर्षं मिळोत, आणि ती गुडघे न दुखता, चष्म्याचा नंबर न वाढता मिळोत. पण आयुष्य नुसतं लांब असून काय करायचं, हे ज्याने पाच वर्षं एका खोलीत काढली त्याला मी काय सांगणार? म्हणून या ग्रंथाच्या वाचकांकडे, म्हणजे आपल्या सगळ्यांकडे, एक मागणं आहे. अण्णांचा पुण्याचा पत्ता संघाच्या कार्यालयात आहे. आपण तिथे जावं. जतच्या माणसाने बाजरीची भाकरी न्यावी, पाटणच्या माणसाने नाचणीची न्यावी. अण्णा दार उघडतील आणि घाबरून विचारतील, "काय बिघडलंय?"

तेव्हा त्यांना सांगावं, की काही नाही, सगळं चालू आहे, तरीपण आलो.